शिकागोची आणखी एक परिषद

शिकागो हें नांव आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत प्रथम शिरलें तें एका परिषदेच्या निमित्तानें. १८९३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत तेथें भरलेली सर्वधर्मपरिषद आणि तींतील स्वामी विवेकानंदांचें भाषण यांची हकीकत वडील माणसांच्या तोंडून ज्यानें लहानपणीं ऐकली नाहीं, असा मुलगा महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. त्याच परिषदेस मुंबईहून बी. बी. नगरकर हे ब्राह्ममताचे प्रतिनिधि गेले होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. १७ दिवस चाललेली ती परिषद मिशिगन अव्हेन्यू ह्या राजरस्त्यावरील ज्या इमारतींत भरली, तेथें आज शहराचें कलासंग्रहालय आहे. दाराशीं दोन भव्य पंचरसी सिंह उभे आहेत आणि पाठीमागें थोड्याच अंतरावर समुद्रासारखें अफाट मिशिगन सरोवर पसरलेलें आहे. शिकागोस गेलेला मराठी मनुष्य त्या पायऱ्यांवर क्षणभर उभा राहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. मीहि उभा राहिलों.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती जगप्रसिद्ध परिषद नव्हे. गेल्या आश्विनांत त्याच शहराच्या आसमंतांत भरलेली एक लहानशी परिषद मला पाहावयास मिळाली. तिला कोणी जगद्विख्यात वक्ता आला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत तिच्याविषयीं एक ओळहि माझ्या पाहण्यांत आली नाहीं. ती होती शाळांतून काम करणाऱ्या समाजसेवकांची. माझी पुतणी गेलीं कांहीं वर्षें तिकडे एका उपनगरांतील शाळांत ही नोकरी करते. तिच्याकडे पाहुणचारास गेलों असतां ती परिषदेस निघाली होती, म्हणून तिच्याबरोबर मीहि गेलों. ‘काका, तुम्हांला कंटाळा येईल बरें!’ असें तिनें आधींच बजावून ठेवलें होतें. कंटाळा आला नाहीं, इतकेंच नव्हे, तर जें पाहिलें व ऐकलें तें आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें मांडावें, असें प्रकर्षानें वाटलें.

शाळेंतील समाजसेविका म्हणजे कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण आपल्या शाळांतून हें पद अद्याप विरळा आहे. एखादें मूल शाळेंत येईनासें होतें. दुसरें येतें, पण बाकावर मान खालीं घालून बसतें आणि दिवसभरांत चार शब्दहि बोलत नाहीं. तिसऱ्याची भाषा म्हणजे केवळ मारामारी. शिक्षकास समोरचा वर्ग सोडून एकाच मुलाच्या मागें जातां येत नाहीं. मुख्याध्यापकास हजेरीचा आंकडा दिसतो, पण आंकड्यामागचें कारण दिसत नाहीं. कारण बहुधा घरीं असतें. बापाची नोकरी सुटलेली असते. आई रात्रपाळीस जाते आणि धाकट्या भावंडांचें करण्याची जबाबदारी दहा वर्षांच्या पोरीवर येऊन पडलेली असते. किंवा भाडें थकल्यामुळें साऱ्या बिऱ्हाडानें मोटारगाडींतच संसार थाटलेला असतो. शिक्षा केल्यानें ह्यांतलें कांहींच बदलत नाहीं. अशा वेळीं जी त्या घराचें दार ठोठावते, आईबापांशीं बोलते, शाळेचें म्हणणें घरास व घराची अडचण शाळेस समजावून सांगते, आणि दवाखाना, न्यायालय, धर्मादाय संस्था यांपैकीं जेथें जावयास हवें तेथें त्या कुटुंबाचा हात धरून नेते, ती ही समाजसेविका. ह्या कामीं पुरुषहि आहेत, परंतु बायकांची संख्या फार मोठी आहे.

हें काम अमेरिकेंत शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे. १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बॉस्टन व हार्टफोर्ड ह्या तीन शहरांत तें जवळजवळ एकाच वेळीं, पण एकमेकांचा विशेष संबंध नसतां, सुरू झालें. त्या काळीं अशा बाईस ‘व्हिजिटिंग टीचर’, म्हणजे घरोघर भेट देणारी शिक्षिका, असें म्हणत. आरंभीं तिचा पगार शाळाखातें देत नसे. गरीब वस्तींत राहून सेवा करणाऱ्या संस्था व शिक्षणाचें हित पाहणारीं मंडळें तो खर्च सोशीत. १९१३ सालीं रॉचेस्टर शहराच्या शिक्षणमंडळानें हा खर्च आपल्या अंगावर घेतला, आणि मग हळूहळू इतर शहरांनीं तो कित्ता गिरविला.

गरीब वस्तींतच बिऱ्हाड करून राहणाऱ्या ह्या संस्था कशा होत्या, हें पाहावयाचें असेल तर शिकागोंतील हॉलस्टेड रस्त्यावरील हल हाउस पाहावें. परिषदेच्या आदल्या दिवशीं पुतणीनें मला मुद्दाम तेथें नेलें. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार ह्या दोन मैत्रिणींनीं १८८९ च्या सप्टेंबरांत एका जुन्या वाड्यांत हें घर मांडलें. भोंवतीं इटालियन, ग्रीक, ज्यू, बोहेमियन अशा नव्यानें आलेल्या मजुरांची दाट वस्ती होती. ह्या सुशिक्षित बायका त्यांच्यामध्यें जाऊन शेजारीण म्हणून राहिल्या. बालवाडी, पाळणाघर, वाचनालय, कारखान्यांतील मुलींसाठीं वसतिगृह, असें एकेक काम गरजेप्रमाणें वाढत गेलें आणि एका वाड्याच्या १३ इमारती झाल्या. १९६० नंतरच्या दशकांत तेथें विद्यापीठ आलें व बहुतेक इमारती पाडण्यांत आल्या. आज मूळचा विटांचा वाडा आणि भोजनगृह एवढींच दोन घरें उरलीं आहेत. चोहोंकडे विद्यापीठाच्या सिमेंटच्या उंच भिंती, आणि मध्यें हा तांबडा वाडा! आपल्याकडे नव्या पेठेंत एखादें जुनें देऊळ तेवढें शिल्लक राहावें, तसा तो मला वाटला.

आंत जेन ॲडम्सबाईंच्या वेळचें सामान जपून ठेवलें आहे. त्यांना १९३१ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें वाचकांस माहीत असेलच. मला विशेष वाटलें तें भोजनगृहाचें. दिवसभर वस्तींत हिंडलेल्या ह्या बायका रात्रीं एका पंक्तीस बसत आणि जेवतां जेवतां त्या दिवशीं काय पाहिलें, कोठें अडलें, कोणास विचारावें, ह्याची चर्चा करीत. मुलांसाठीं निराळें न्यायालय असावें, ह्या मागणीस ज्यांनीं बळ दिलें त्यांत हल हाउसच्या बायका अग्रभागीं होत्या. आणि असें अमेरिकेंतील पहिलें न्यायालय १८९९ सालीं ह्याच शिकागोंत उघडलें. अशीं कामें एकटीच्या डोक्यांतून निघत नाहींत. त्यांना बोलण्याची जागा लागते. ‘आम्हांला रोजची पंगत नाहीं, काका,’ पुतणी म्हणाली, ‘आमची पंगत वर्षांतून एकदां बसते.’

ह्या तिच्या वाक्याचा अर्थ तिच्या नोकरीची रीत पाहिल्यावर कळतो. शाळेंत शिक्षक अनेक असतात. गणिताच्या शिक्षकास गणिताचा दुसरा शिक्षक भेटतो. मधल्या सुटींत चहा घेतां घेतां चार अडचणी निघतात व सुटतात. वकिलास बाररूम आहे, डॉक्टरास दुसऱ्या डॉक्टराचें मत घेतां येतें. समाजसेविका मात्र पुष्कळ शाळांत एकटीच असते. कित्येकींच्या वांट्यास तर दोन-दोन, तीन-तीन शाळा येतात व आठवड्याचे वार त्यांत वांटून द्यावे लागतात. २५० विद्यार्थ्यांमागें एक समाजसेविका असावी, अशी त्यांच्या राष्ट्रीय संघाची शिफारस आहे. पण बहुतेक ठिकाणीं ती कागदावरच राहते. शिकागो शहरांतील शिक्षकांनीं २०१९ च्या ऑक्टोबरांत जो संप केला व जो शाळेचे ११ दिवस चालला, त्यांतील एक मुख्य मागणी प्रत्येक शाळेस स्वतःची परिचारिका व स्वतःची समाजसेविका मिळावी ही होती, आणि टप्प्याटप्प्यानें तसें करण्याचें कलम करारांत आलें. पगारवाढीच्या जोडीनें ही मागणी शिक्षकांनीं पुढें करावी, यावरून उणीव किती खोल होती हें ध्यानांत येईल.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. मुलानें विश्वासानें सांगितलेलें ती इतर शिक्षकांपाशीं बोलूं शकत नाहीं, आणि घरीं नवऱ्यापाशींहि बोलूं शकत नाहीं. एखाद्या संध्याकाळीं पुतणी घरीं येई ती नुसती गप्प. चहाचा पेला हातांत धरून खिडकींतून मेपलच्या झाडांकडे पाहत बसे. काय झालें म्हणून मीं विचारलें तर ‘कांहीं नाहीं, काका’ एवढेंच उत्तर. त्या कांहीं नाहींमध्यें कोणत्या लेंकराचें काय दुःख होतें, तें मला कधींच कळलें नाहीं व कळणें योग्यहि नव्हतें. परंतु असें ओझें वर्षानुवर्षें एकटीनें वाहणाऱ्या मनुष्याचें मन एक तर दगड होतें, नाहीं तर मोडतें. ह्या दोहोंपासून वांचण्यासाठीं ज्यांना तें ओझें ठाऊक आहे अशांचा सहवास हवा. परिषदेची पहिली किंमत ही.

दुसरी किंमत इतिहासांत पाहावी. हा व्यवसायच मुळीं परिषदांनीं घडविला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १८९७ सालीं टोरोंटो येथें भरलेल्या धर्मादाय कार्यकर्त्यांच्या परिषदेंत मेरी रिचमंड ह्या बाईंनीं, नुसत्या सदिच्छेनें हें काम होणार नाहीं, ह्यासाठीं शिक्षण देणारी शाळा पाहिजे, असें आग्रहानें सांगितलें. दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें उन्हाळ्याच्या सुटींत असा वर्ग उघडला, आणि त्याच बीजाचा वृक्ष म्हणजे आजचें कोलंबिया विद्यापीठांतील समाजकार्याचें महाविद्यालय. पुढें १९१५ सालीं बाल्टिमोरच्या परिषदेंत अब्राहाम फ्लेक्स्नर ह्या शिक्षणतज्ज्ञास व्याख्यानास बोलाविण्यांत आलें. वैद्यकीय शाळांवर कडक अहवाल लिहून ज्यानें त्या देशांत खळबळ उडविली होती, तोच हा गृहस्थ. समाजकार्य हा खरोखर व्यवसाय आहे काय, असा प्रश्न त्यानें त्यांच्याच सभेंत मांडला, आणि अद्याप नाहीं असें उत्तर दिलें. कारण, त्याच्या मतें, ह्या कामास स्वतःची अशी शिकवितां येण्याजोगी पद्धति नव्हती. यजमानांस हें ऐकून काय वाटलें असेल, ह्याची कल्पनाच करावी! परंतु त्यांनीं तें बोलणें झिडकारलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्यांनीं त्या प्रश्नाशीं झटापट केली. १९१७ सालीं मेरी रिचमंडबाईंचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुटुंबाची अडचण कशी तपासावी, पुरावा कसा गोळा करावा व तोलावा, ह्याची पद्धति त्यांत आहे. आपल्या मंडपांत बोलावून आपलेंच उणें ऐकून घेणें, हा परिषदेचा फार मोठा गुण होय. स्तुति काय, घरीं बसूनहि ऐकतां येते.

शाळांत काम करणाऱ्या बायकांची पहिली राष्ट्रीय परिषद १९१६ सालीं न्यूयॉर्क येथें शिक्षकांच्या महासभेच्या वेळीं भरली. तोंपर्यंत निरनिराळ्या शहरांत त्या आपापल्या अकलेनें काम करीत होत्या. कोणी गैरहजेरीचा पाठलाग करणारी शिपाईण समजली जाई, कोणी दानधर्म वांटणारी. एकत्र आल्यावर त्यांना कळलें, कीं आपण सगळ्याजणी एकच काम करीत आहों व त्याला एक नांव देतां येईल. पुढें त्यांचा राष्ट्रीय संघ झाला. १९२१ पासून एका मोठ्या धर्मादाय निधीच्या द्रव्यसाहाय्यानें ३० गांवांत असे प्रयोग सुरू झाले, आणि शाळेंतील समाजसेविका ही देशभर परिचित झाली. १९५५ मध्यें समाजकार्याच्या सात संघटना एकत्र होऊन एक मोठा संघ बनला, त्यांत ह्यांचीहि संघटना विलीन झाली. पुढें १९९४ सालीं शाळेंतील कामासाठीं पुनः स्वतंत्र राष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९९९ सालीं ह्या कामाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती शिकागोंतच. शहराचा हा योग मला मौजेचा वाटला.

आतां मीं पाहिलेल्या परिषदेकडे वळतों. ती एका उपनगरांतील मोठ्या हॉटेलांत होती. सकाळीं सरोवरावरून येणारा वारा हाडांत शिरत होता. दारांतून गळ्यांत नांवाच्या चिठ्ठ्या अडकवून बायका आंत येत होत्या आणि वर्षभरानें भेटलेल्या मैत्रिणींना कडकडून भेटत होत्या. कांहीं शंभर-दीडशें मैल मोटार हांकून आल्या होत्या. पुतणीस रजा मिळाली होती, पण खर्च मात्र तिचा तिनेंच सोसला. शाळेच्या अंदाजपत्रकांत त्यासाठीं पैसा नव्हता. असें करणारी ती एकटीच नव्हती, हें चहाच्या वेळीं कळलें.

एका दालनांत, आईबाप गमावलेल्या मुलाशीं कसें बोलावें, ह्यावर विवेचन चाललें होतें. दुसऱ्यांत कायद्याची चर्चा होती. अपंग मुलांस सार्वजनिक शाळेंत शिक्षण मिळालेंच पाहिजे, असा कायदा त्या देशांत १९७५ सालीं झाला. आणि बेघर झालेल्या मुलाची शाळा तुटूं नये, म्हणून १९८७ सालच्या कायद्यानें तजवीज केली. कायदा पुस्तकांत असतो. पण घर गेलेल्या मुलाला जुन्याच शाळेंत ठेवण्यासाठीं मोटारीची सोय कोणीं करावयाची, कोणता कागद मागावयाचा व कोणता मागावयाचा नाहीं, हें तें काम केलेली बाईच सांगूं शकते. तिसऱ्या दालनांत जीव देण्याचे विचार करणाऱ्या मुलांचीं लक्षणें कशीं ओळखावीं व त्या वेळीं कोणते प्रश्न सरळ विचारावे, हें शिकविलें जात होतें. तेथें मात्र टिपणें घेणाऱ्या लेखण्यांखेरीज कसलाहि आवाज नव्हता.

दुपारीं कांहीं लहान खोल्यांत सात-आठ जणींचीं मंडळें बसलीं. प्रत्येकीनें आपणांस न सुटलेली एक अडचण, नांवगांव गाळून व ओळख पटणार नाहीं अशा रीतीनें, इतरांपुढें ठेवावयाची, अशी ती रीत. त्या खोल्यांचीं दारें पाहुण्यांस बंद होतीं, आणि तें योग्यच होतें. मी बाहेरच्या ओसरीवजा जागेंत वृत्तपत्र चाळीत बसलों. तासाभरानें पुतणी बाहेर आली ती हसत नव्हती, रडत नव्हती. पण गेले कित्येक दिवस तिच्या कपाळावर असलेली आंठी नाहींशी झाली होती. गाडींत तिनें मला एवढेंच सांगितलें, कीं एका मुलाच्या गैरहजेरीविषयीं शाळेच्या कचेरींतून घरीं पत्रांवर पत्रें जात होतीं व उत्तर येत नव्हतें. तें ऐकून शेतीप्रधान भागांतून आलेल्या एका पिकल्या केसांच्या बाईनें एकच प्रश्न विचारला: ‘त्या घरांत इंग्रजी कागद वाचून कोण दाखवितो?’

वाचकहो, प्रश्नाचें मर्म ध्यानांत आलेंच असेल. परदेशांतून नव्यानें आलेल्या कुटुंबांत आईबापांस इंग्रजी येत नाहीं. मुलें शाळेंत तें चटकन् शिकतात, आणि मग वीजबिलापासून सरकारी नोटिशीपर्यंत सगळे कागद मुलेंच वाचून सांगतात. शाळेनें बापास लिहिलेली तक्रार ज्याच्याविरुद्ध असे, तोच ती वाचून दाखवीत असे! त्या बाईच्या गांवीं ही गोष्ट पूर्वीं घडलेली होती. पत्रें बंद करून त्यांनीं दुभाष्या बरोबर घेतला आणि आई कामावरून परत येण्याच्या वेळीं घर गांठलें. कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत न सांपडणारें हें शहाणपण एका खोलींतून दुसऱ्या गांवीं गेलें, त्यास तास सुद्धां पुरा लागला नाहीं. पुढें मी परत आल्यावर पुतणीचें पत्र आलें, त्यांत शेवटीं एक ओळ होती: ‘काका, तो मुलगा आतां आठवड्यांतून तीन दिवस येतो.’ तीन दिवस म्हणजे पांच नव्हेत. परंतु शून्याहून तीन किती दूर आहे, हें शाळेंत काम केलेल्यास सांगावयास नको.

अशा परिषदांवर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच खोटे नाहींत. हॉटेलाचा खर्च होतो. कांहीं भाषणें पोकळ असतात. पुस्तकें व साहित्य विकणाऱ्यांचीं दुकानें दाराशींच थाटलेलीं असतात. व्यवसायाचा परवाना पुनः मिळण्यासाठीं ठराविक तासांचें शिक्षण घ्यावें लागतें. तेव्हां सही करून मागच्या दारानें बाजारांत जाणारेहि कांहीं महाभाग असतातच. शिवाय, ज्या तीन दिवसांत समाजसेविका परिषदेस जाते त्या तीन दिवसांत तिच्या शाळेंतील मुलांचें काय, हा प्रश्न तर गंभीरच आहे. कारण तिच्या जागीं बसणारें दुसरें कोणी नसतें. ह्याचें उत्तर मला असें वाटतें. शेतकरी विळ्यास धार लावण्यासाठीं थांबतो, तो वेळ कापणीचाच असतो. मात्र धार लागली पाहिजे. परिषदेहून परत आल्यावर सोमवारीं आपण काय निराळें करणार, हें जिला सांगतां येतें तिची परिषद फळली; जिला सांगतां येत नाहीं तिची सहल झाली. ही कसोटी परिषद भरविणाऱ्यांनींहि स्वतःस लावावी. मोठ्या मंडपांतील व्याख्यानें कमी करावीं, आणि दार लावून बसावयाच्या त्या लहान खोल्या वाढवाव्या.

हें सर्व पाहतांना मन वारंवार घराकडे धांव घेत होतें. आपल्यास परिषदा नव्या नाहींत. न्यायमूर्ति रानड्यांनीं दिवाण बहादुर रघुनाथराव यांच्या सहकार्यानें १८८७ सालीं सामाजिक परिषद सुरू केली. देशांतील समाजसेवकांची अखिल भारतीय परिषद १९४७ सालीं, म्हणजे स्वातंत्र्य मिळालें त्याच वर्षीं, मुंबईंत स्थापन झाली. समाजकार्याचें शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी आपल्या देशांतील पहिली संस्थाहि मुंबईचीच. हल हाउसच्या धर्तीवर नागपाड्याच्या गरीब वस्तींत अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ड्ट यांनीं जें सेवागृह चालविलें, तेथेंच १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवाचें हें विद्यालय सुरू झालें. देवनार येथील आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. आणि मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, ही गोष्ट ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस व पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं प्रत्यक्ष करून दाखविली. तेव्हां घर व शाळा यांमध्यें पूल बांधण्याची विद्या आपल्यास परकी नाहीं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाल्यापासून तर तिची गरज अधिकच वाढली आहे. पटावर नांव घातलें म्हणजे मूल शाळेंत आलें असें होत नाहीं. तें वर्गांत कां नाहीं, हें विचारावयास कोणी तरी त्याच्या दाराशीं गेलें पाहिजे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्यासारख्यांस वाटेल, कीं ह्या कामाला पगारी माणूस कशाला हवा? मूल रुसलें तर आजी समजूत घालीत असे. अभ्यासांत मागें पडलें तर काका कान धरीत असे. हें खरें आहे, आणि ज्या घरांत अजून तसें आहे त्यांनीं तें जपावें. परंतु त्याच घरांत कांहीं गोष्टी वडिलांच्या धाकानें दडपल्याहि जात, हें आपण जाणतों. आणि ज्या चाळींत, ज्या झोपडींत आजी गांवीं राहिली व आईबाप दोघेंहि कामावर गेले, तेथील मुलानें कोणाकडे पाहावें? आपल्या शाळांत जेथें जेथें समाजसेविका किंवा समुपदेशिका नेमल्या आहेत, तेथें त्यांच्यापुढें शिकागोच्या बहिणींचीच अडचण आहे. बहुधा त्या एकट्या आहेत, आणि बोलण्यास जागा नाहीं. जिल्ह्याजिल्ह्यांतून वर्षांतून दोन वेळां तरी त्यांनीं एकत्र बसावें. हॉटेल नको, हार-तुरे नकोत. एखाद्या शाळेचा सुटींतला वर्ग, चटई, आणि घरून आणलेले डबे पुरेत. शिक्षणसंस्थांच्या चालकांनीं त्यासाठीं भररजा व प्रवासखर्च द्यावा. तो खर्च इमारतीच्या रंगाइतका दिसणार नाहीं, पण त्याहून अधिक टिकेल.

शेवटचें सांगणें आपल्या वाचक कुटुंबांस आहे. आपल्या घरांतील मुली व सुना आज अशा नोकऱ्यांत आहेत. परिषदेचें पत्र आलें, कीं घरांत प्रश्न निघतो: तीन दिवस घर कोण पाहणार, मुलांचे डबे कोण करणार, आणि ह्या वयांत हें हिंडणें कशाला? माझ्या पुतणीच्या घरीं त्या तीन दिवसांत तिच्या सासूबाईंनीं स्वयंपाक सांभाळला. त्या पुण्याहून नातवंडांसाठीं गेल्या होत्या. निघतांना पुतणी पायां पडली, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘जा, निश्चिंत ये जाऊन. इथलें मी बघतें.’ गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत त्या दारांत उभ्या होत्या. मग पदर खोंचून नातवंडांना उठवावयास आंत गेल्या.